चौकट सोडून

गोलकीपर फ्री किक मारायला निघाला की सगळ्यांत जास्त जीव टांगणीला लागतो तो त्याच्याच संघाच्या बचावपटूंचा. मागे चोवीस फूट रुंद आणि आठ फूट उंच चौकट सताड उघडी. चेंडू खेळाडूंच्या भिंतीवर आपटून उलटा फिरला, तर अडवायला कुणीही नाही. होसे लुईस चिलाव्हर्टनं वर्षानुवर्षं ही धास्ती सोबत्यांना खुशाल पोसायला लावली. भरभक्कम अंगाचा, छातीवर बुलडॉग छापलेल्या जर्सीतला हा माणूस मध्यरेषा ओलांडून यायचा, चेंडू स्वतःच्या हातानं मांडायचा आणि डाव्या पायानं तो भिंतीवरून वळवायचा. गोल झाला तर जल्लोष; नाही झाला तर तेवढंच अंतर उलट्या पावली, जीव खाऊन पळायचं. मला त्याच्या गोलांपेक्षाही हे परतीचं पळणं आवडायचं. एरवी रुबाबात वावरणारा माणूस तेवढे काही सेकंद अगदी उघडा पडायचा.

तो पॅराग्वेचा, हे विसरून त्याच्याकडे बघताच येत नाही. या देशाला समुद्र नाही; सभोवती अर्जेंटिना, ब्राझील आणि बोलिव्हिया. 1864 ते 1870 या काळात तो अर्जेंटिना, ब्राझील आणि उरुग्वे या तिघांशी एकाच वेळी लढला आणि त्यात पुरुषांची एक पिढी जवळजवळ पुसली गेली. पुढे 1954 ते 1989 अशी पस्तीस वर्षं स्ट्रोसनरची हुकूमशाही. ज्याला इतिहासानं सतत वेढ्यातच ठेवलं, त्या देशाचं फुटबॉल बचावाचं असावं यात नवल ते काय? 1998 च्या विश्वचषकात त्यांचा कार्लोस गामारा एकही फाउल न करता खेळला. बचाव ही तिथं कला आहे. पण राजधानी असुन्सिओनच्या कुशीतल्या लुके गावात 1965 साली जन्मलेल्या या पोराला नुसता बचाव पुरेना.

त्याचं नाव झालं ते सीमेपलीकडे, ब्वेनोस आयरेसमध्ये. तिथं पॅराग्वेचा माणूस म्हणजे बहुधा बांधकामावरचा मजूर किंवा घरकामाची बाई. त्या शहरातल्या वेलेस सार्सफील्ड या बोका किंवा रिव्हर प्लेटइतका दबदबा नसलेल्या क्लबाला 1994 मध्ये दक्षिण अमेरिकेचा लिबर्तादोरेस चषक मिळाला. साओ पावलोच्या मोरुंबी स्टेडियमवर सामना पेनल्टींवर गेला, तेव्हा चिलाव्हर्टनं एक अडवली आणि एक स्वतः मारली. वर्ष सरायच्या आत टोकियोत मिलानचाही 2-0 असा पाडाव झाला. 1996 मध्ये त्यानं रिव्हर प्लेटविरुद्ध मध्यरेषेजवळून फ्री किक मारून गोल केला. त्याच वर्षी पॅराग्वेसाठी अर्जेंटिनाविरुद्ध, त्यांच्याच मैदानात, आणखी एक. ज्या शहरानं त्याच्या देशबांधवांना विटा वाहायला ठेवलं, त्याच शहरात! यातला आनंद निव्वळ खेळाचा नसणार. 1999 मध्ये फेरो संघाविरुद्ध तीन पेनल्टींवर तीन गोल, म्हणजे गोलकीपरची हॅटट्रिक. कारकिर्दीत एकूण साठहून अधिक गोल.

तोंडाचा मात्र फटकळ, आणि नुसता फटकळ नव्हे. 2001 मध्ये तो ब्राझीलच्या रॉबेर्तो कार्लोसवर थुंकला, त्यापायी बंदी आली आणि 2002 च्या विश्वचषकातला पहिला सामना हुकला. त्याच्या भक्तांना हा प्रसंग बंडखोरीच्या खात्यावर मांडायची हौस असते. मला ती नाही. थुंकणं ते थुंकणंच. पण याच माणसानं 1999 मध्ये, कोपा अमेरिका स्पर्धा पॅराग्वेतच भरलेली असताना, हा पैसा शिक्षणावर खर्च व्हायला हवा होता असं म्हणत खेळायला नकार दिला. स्वतःच्या अंगणातली स्पर्धा सोडायला निराळी छाती लागते. 2023 मध्ये तो राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहिला, तेव्हा लोकांनी त्याला एक टक्काही मतं दिली नाहीत, ही गोष्ट वेगळी.

28 जून 1998, रविवार. फ्रान्समधल्या लान्स शहरातला सामना आपल्याकडे रात्री आठला सुरू झाला. बाहेर पाऊस होता आणि आत्ता लाईट जातील, मग जातील अशी धाकधूक. यजमान फ्रान्सच्या संघात त्या दिवशी झिदान नव्हता, आणि पॅराग्वेचं दार उघडता उघडेना. नव्वद मिनिटं झाली, जादा वेळ सुरू झाला. पेनल्टींवर गेलं की चिलाव्हर्ट आहेच, हे फ्रान्सलाही ठाऊक होतं. सहा-सात मिनिटं उरली असताना त्रेझेगेनं डोक्यानं चेंडू खाली दिला आणि लॉराँ ब्लाँनं तो जाळ्यात मारला. विश्वचषकातला हा पहिलावहिला गोल्डन गोल. त्या नियमात उत्तर द्यायला वेळच नसायचा, खेळ तिथंच संपायचा. लाल-पांढऱ्या जर्सी गवतावर कोसळल्या. आणि चिलाव्हर्ट चौकट सोडून निघाला. एकेकाजवळ जाऊन, हात धरून त्यानं त्यांना उभं केलं. मान खाली घालू नका, असं सांगितल्यासारखं. विश्वचषकात थेट फ्री किक मारणारा पहिला गोलकीपर तोच, त्याच स्पर्धेत, बल्गेरियाविरुद्ध; तो फटका अडवला गेला होता. विश्वचषकात त्याला गोल कधीच करता आला नाही. पण गोलकीपरनं पुढं येण्याचा याहून मोठा प्रसंग मी पाहिलेला नाही.

मोरुंबीतल्या त्या 1994 च्या रात्री साओ पावलोचा पहिला गोलकीपर झेत्ती होता. क्लबच्या राखीव गोलकीपरांत रोजेरियो सेनी नावाचा एक तरुण होता. 1997 पासून तोही फ्री किक मारू लागला, 2006 मध्ये त्यानं चिलाव्हर्टला मागं टाकलं आणि निवृत्त होईपर्यंत 131 गोल केले. आकड्यांत सेनी दुपटीनं मोठा, यात वादच नाही. चिलाव्हर्टला विचारलं तर तो मात्र वाद घालेल, आणि बराच वेळ घालेल.