निगडीहून सेंट अँड्र्यूजला : एका हौसेचा हिशेब

निगडीच्या भक्ती-शक्ती चौकात पहाटे उभे राहिले, की आमचे शहर कशावर चालते ते कळते. फज्रची नमाज आटोपून लोक मशिदीतून घरी परततात, तोवर कंपन्यांच्या बसगाड्या रांगेने लागलेल्या असतात. डब्याची पिशवी खांद्याला लावून माणसे चढतात आणि गाड्या चाकण, तळेगाव, तळवड्याकडे निघून जातात. या गर्दीतलाच मीही एक. अब्बा आकुर्डीच्या एका कारखान्यात लेथवर होते. कामगारांना कामाजवळ घर मिळावे म्हणून १९७२ साली इथे नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले. त्याच प्राधिकरणात ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर अब्बांनी दोन खोल्या घेतल्या. आम्ही अजून तिथेच राहतो, फक्त वर एक मजला चढला आहे.

अशा घरात गोल्फ कुठून आला, असे वाचक विचारतील. तो चाकणमधून आला. तिथे जर्मन, जपानी, कोरियन कंपन्या आल्या, त्यांच्याबरोबर त्यांचे साहेब लोक आले आणि साहेबांबरोबर त्यांचा रविवारचा खेळही आला. आमचे एक जपानी साहेब मला गाडीत घालून घेऊन गेले, कारण त्यांना रस्ता ठाऊक नव्हता आणि मला भाषा थोडीफार येत होती. चार वर्षांनी मायदेशी परतताना त्यांनी आपल्या काठ्यांची पिशवी मला १४ हजारांत दिली. नियमानुसार एका फेरीत १४ पेक्षा जास्त काठ्या बाळगता येत नाहीत. म्हणजे काठीमागे हजार रुपये, असे मी घरी सांगितले. अम्मी म्हणाली, "एवढ्या काठ्या कशाला? अब्बांनी तर आयुष्यभर एका छत्रीवर भागवलं."

पुण्यात खेळायचे म्हणजे लोकांना आधी येरवड्याचा पूना गोल्फ क्लब आठवतो. लहानपणी विमानतळ रस्त्याने पीएमटीने जाताना भिंतीआडची हिरवळ दिसे आणि ती कुणाची हे कधी कळत नसे. आम्हा निगडीकरांना जवळ पडते ते लवळ्याचे ऑक्सफर्ड गोल्फ रिसॉर्ट. रावेतवरून बायपास धरायचा, वाकड, बालेवाडी मागे टाकायचे आणि डोंगराकडे वळायचे. अठरा होल डोंगरउतारावर पसरलेले आहेत. पावसाळ्यानंतर तिथून दिसणारे पुणे पाहिले, की खेळ वाईट झाला तरी माणूस खट्टू होत नाही.

पण हा खेळ खिशाला समजून घ्यावा लागतो. मैदानाचे शुल्क, कॅडीचे पैसे, हरवणारे चेंडू, पेट्रोल, वर चहा-नाश्ता. एका फेरीला चार-पाच तास जातात, म्हणून फज्र झाल्याबरोबर निघायचे आणि जुहरच्या आत घरी यायचे. शुक्रवारी तर जायचेच नाही. काही मंडळी प्रत्येक होलवर पैसे लावून खेळतात. मी पहिल्याच दिवशी हात जोडून सांगितले, की शर्त लावून मी खेळणार नाही. त्यावरून कुणी रागावले नाही, उलट सगळ्यांचे गुण मोजायचे काम माझ्याकडे आले.

एक गोष्ट मात्र मनात टोचत राहते. निगडीत २०१९ पासून नळाला एक दिवसाआड पाणी येते. पाण्याच्या दिवशी घरातली सगळी भांडी भरून ठेवणारा माणूस रविवारी हिरव्यागार गवतावर चालतो, तेव्हा त्या गवताने किती पाणी प्यायले असेल हा विचार येतोच. म्हणून मी वर्षात मोजक्या फेऱ्या ठरवल्या. महिन्याला एक, आणि रमजानमध्ये एकही नाही.

कॅडीच्या पैशात मात्र काटकसर करायची नाही, हा माझा पहिला नियम. या खेळातली खरी विद्या पुष्कळदा कॅडीपाशीच असते. दिल्ली गोल्फ क्लबवर कॅडी म्हणून सुरुवात केलेल्या अली शेर यांनी १९९१ साली इंडियन ओपन जिंकली. ती जिंकणारे ते पहिले भारतीय व्यावसायिक खेळाडू. १९९३ मध्ये त्यांनी ती पुन्हा जिंकली. दुसऱ्याची पिशवी वाहणाऱ्या खांद्यांवर काय काय दडलेले असते, ते अशा वेळी लक्षात येते.

हे सगळे सुरळीत चालले होते. मग २०२४ च्या उन्हाळ्यात ग्लासगोहून चुलत भावाचा फोन आला. त्याच्या मुलीचा निकाह ठरला होता. मी, पत्नी आणि मुलगी असे तिघांनी जायचे ठरले. अम्मीचे गुडघे दुखतात, तिने नकार दिला. फोन ठेवता ठेवता भाऊ म्हणाला, "भाईजान, तुमचं सेंट अँड्र्यूज इथून दोन तासांवर आहे."

गोल्फ खेळणाऱ्याला हे नाव सांगावे लागत नाही. तिथल्या ओल्ड कोर्सला या खेळाचे माहेर म्हणतात. मी रात्री दर पाहिला. त्या वर्षी हंगामातल्या एका फेरीचे शुल्क ३२० पौंड होते, म्हणजे सुमारे ३४ हजार रुपये. कॅडीचे वेगळे. शिवाय पैसे असले म्हणजे खेळायला मिळेलच असे नाही. बहुतेकांना चिठ्ठीत नाव निघावे लागते. एकट्या खेळाडूंना पूर्वी रात्रीपासून रांगेत उभे राहावे लागे, त्या वर्षीपासून त्यांच्याही चिठ्ठ्या निघू लागल्या होत्या. अमेरिकेतल्या पेबल बीचचा दर पाहून मात्र मनाला थोडा धीर आला. तिथे त्याच वर्षी एका फेरीला ६७५ डॉलर, म्हणजे ५६ हजारांच्या आसपास पडत होते. मन असेच फसवते. ५६ हजार ऐकले, की ३४ हजार स्वस्त वाटू लागतात.

रात्री जेवताना मी विषय काढला. मला वाटले होते, पत्नी नको म्हणेल. ती म्हणाली, "अहो, खेळा. तुम्ही कधी स्वतःसाठी काही घेत नाही. एकदाच तर आहे." मुलीने तर लगेच मोबाइलवर त्या मैदानाचा पूल शोधून दाखवला. अम्मी गप्प बसून भाकरी मोडत होती. शेवटी म्हणाली, "खेळ की. पण एक सांगते. भूक घरून ठरवून निघावं. दस्तरखान बघून भूक ठरवायची नसते."

त्या रात्री मला झोप लागली नाही. आपल्या दीनमध्ये खर्चाबद्दलची शिकवण स्पष्ट आहे. उधळपट्टी नको आणि हात आखडणेही नको, या दोहोंच्या मधला मार्ग हवा. पण मधला मार्ग नेमका कुठून जातो, हे ज्याचे त्याने बसून काढावे लागते. मी कागद घेतला. वर्षभराच्या माझ्या खेळाला किती लागतात ते लिहिले. मुलीच्या शेवटच्या वर्षाची फी लिहिली. अम्मीला उमऱ्याला न्यायचे आहे, त्यासाठी बाजूला टाकलेली रक्कम लिहिली. जकातीचे आधीच वेगळे ठेवले होते. मग ओल्ड कोर्सचे नाव बाजूला ठेवून स्वतःला विचारले, की या प्रवासात खेळावर किती खर्च केले तर परत आल्यावर घरात कुणाच्या वाट्याचे काही कमी होणार नाही? आकडा निघाला १५ हजार. तोच मी कागदावर लिहिला, खाली रेघ ओढली आणि तो कागद पासपोर्टच्या पाकिटात ठेवला.

निकाह छान झाला. ग्लासगोच्या मोठ्या मशिदीत जुम्मा पढलो. शनिवारी सकाळी भावाने गाडी काढली. वाटेत म्हणाला, "भाईजान, मैदानाचे पैसे माझ्याकडून. माझी भेट समजा." नुकतेच ज्याच्या दारातून मुलीची पाठवणी झाली, त्याच्याकडून ३४ हजारांची भेट घ्यायला मन तयार होईना. मी म्हटले, "तू गाडी चालवतो आहेस, तेवढी भेट पुरे."

सेंट अँड्र्यूज हे समुद्राकाठचे छोटे गाव. दगडी घरे, विद्यापीठ आणि गावाला लागून मैदान. त्याला ना उंच भिंत, ना मोठे दार. मला सर्वांत मोठे आश्चर्य याचे वाटले. ही जमीन कुणा शेठची किंवा क्लबची नाही. गावकऱ्यांना इथे खेळण्याचा हक्क असल्याचा १५५२ सालचा दस्तऐवज आहे, आणि १९७४ पासून एक सार्वजनिक ट्रस्ट कारभार पाहतो. आणखी एक माहिती अम्मीसाठी मुद्दाम टिपून घेतली. १४५७ साली स्कॉटलंडच्या राजाने गोल्फवर बंदी घातली होती, कारण लोक त्यापायी तिरंदाजीचा सराव सोडू लागले होते. आपल्याकडे तिरंदाजी ही पसंत केलेली कला. अम्मीला तो राजा आवडणार, याची मला खात्री होती.

त्या ट्रस्टकडे एकच नाही, सात मैदाने आहेत. ओल्ड कोर्सच्या शेजारीच ईडन नावाचे मैदान आहे, हॅरी कोल्ट यांनी आखलेले, १९१४ सालचे. माती तीच, समुद्राची वाळूमिश्रित. वारा तोच, टोपी उडवणारा. गवतही तसेच आखूड आणि कडक. ईडनची फेरी माझ्या १५ हजारांत आरामात बसली, वर सगळ्यांच्या जेवणाचे पैसे उरले. लवळ्याला चेंडू उंच मारायची सवय, इथे वारा तो उचलून भलतीकडे नेतो. जमिनीलगत सरपटत कसा न्यायचा, हे तिसऱ्या होलपासून थोडे थोडे जमू लागले. गुण किती झाले ते सांगत नाही. माझ्याबरोबर खेळणारे गावातले एक सत्तरीचे गृहस्थ मोजत होते आणि ते फार सज्जन होते.

संध्याकाळी सगळे मिळून हिमालयावर गेलो. घाबरू नका, तिथे चेंडू हळूच भोकात ढकलण्याची एक उंचसखल हिरवळ आहे, तिलाच लोक 'हिमालय' म्हणतात. तिथला महिलांचा क्लब १८६७ सालचा आहे, आणि थोडे पैसे भरून कुणालाही खेळता येते. माझी पत्नी जन्मात पहिल्यांदा गोल्फची काठी धरत होती. तिने मला दोन गुणांनी हरवले आणि ती बातमी आम्ही मुक्कामी पोहोचायच्या आत निगडीत पोहोचली.

दुसरा दिवस रविवार होता. रविवारी ओल्ड कोर्सवर सहसा खेळ नसतो. त्या दिवशी ते मैदान गावाची बाग असते. मुले पळत होती, म्हातारे जोडीने चालत होते, कुणी कुत्रा घेऊन आले होते. आम्हीही आत गेलो. कुणी अडवले नाही, कुणी पावती मागितली नाही. ज्या गवतावर आदल्या दिवशी लोक ३२० पौंड भरून चालत होते, त्यावरून आम्ही तिघे आणि भाऊ फुकट चालत होतो. अठराव्या होलवरच्या त्या लहानशा दगडी पुलावर मुलीने माझा फोटो काढला. मग मोबाइल खाली करून म्हणाली, "अब्बू, वाईट वाटतंय का?"

खोटे कशाला बोलू? वाटत होते. काल तिथून मारलेला एकेक फटका मी कुंपणाबाहेरच्या माणसासारखा पाहिला होता. पुन्हा इतक्या लांब येणे व्हायचे नाही, हेही माहीत होते. मी म्हटले, "हो, थोडं वाटतंय." ती म्हणाली, "मग?" मी म्हटले, "मग काही नाही. थोडं वाईट वाटणं हीसुद्धा एक किंमतच आहे. ती मला परवडते."

हे लिहिताना ज्यांनी तिथे पैसे भरून फेरी केली त्यांना मी उधळे म्हणत नाही. ज्याच्या कागदावर तेवढा आकडा निघतो, त्याने अवश्य खेळावे आणि शुक्र अदा करावा. मैदान मोठे की आपण लहान, हा प्रश्नच नाही. नामांकित मैदान असो, मुलीच्या लग्नाचा हॉल असो की नवी गाडी, दर नेहमी समोरचा ठरवतो. आपली मर्यादा मात्र आपण घरी, शांतपणे, नाव ऐकण्याआधी ठरवलेली असावी. नाव ऐकल्यावर ठरवलेली मर्यादा ही मर्यादा नसते, ती सबब असते.

परत आल्यावर पहिल्या रविवारी अम्मीला घेऊन दुर्गा टेकडीवर गेलो. निगडीकरांची ही टेकडी पहाटेपासून गजबजलेली असते. सेवानिवृत्त कामगार, बुरख्यातल्या बायका, नऊवारीतल्या आज्या, पळणारी पोरे. अम्मी पायथ्याच्या बाकावर बसली. मी तिला पुलावरचा फोटो दाखवला. चष्मा सरकवून तिने तो नीट पाहिला आणि विचारले, "इथं जायला किती लागले?"

मी म्हटले, "रविवार होता. काही नाही."

"मग हे आपल्या टेकडीसारखंच आहे की," ती म्हणाली आणि मोबाइल मला परत दिला.

उरलेल्या पैशांतून दोन गोष्टी झाल्या. थोडे अम्मीच्या उमऱ्याच्या रकमेत गेले. आणि पुढच्या महिन्यात लवळ्याला दोन पिशव्या गेल्या, कारण मुलीला आता खेळ शिकायचा आहे. पत्नीही म्हणते, की मला हरवायला तिला शिकायची गरज नाही.