पीस गळतं, मान गळत नाही

नमनाला घडाभर तेल नको. 'फ्लाय' म्हणजे गळाच्या हुकावर पिसं आणि दोरा गुंडाळून बनवलेला खोटा किडा. ट्राउटसारखे मासे त्याला फसतात. आठवडाभर हापिसात बग काढणारा माणूस विकांताला बग बनवतो, यावरचे सगळे विनोद बायकोने करून झालेत. तुम्ही नवे करू नका.

तर, पिसं कुठून आणायची? बोरिवलीतल्या चिकनवाल्याकडून. पण ब्रॉयलर कामाचा नाही. तो दीड महिन्यात कापला जातो आणि मानेवर लांब पिसं यायला कोंबडा वयात यावा लागतो. म्हणून गावठी कोंबडा गाठायचा, आणि गरम पाण्यात बुडवायच्या आत मानेची कातडी पिसांसकट मागून घ्यायची. घरी आणून चरबी खरवडायची, कोमट पाण्यात शाम्पूने धुवायची, आतून बोरॅक्स चोळायचं आणि पुठ्ठ्यावर टाचून पंख्याखाली वाळवायची. मग हवाबंद पिशवीत घालून काही दिवस फ्रीजरमध्ये, नाहीतर कसर लागते. (फ्रीजरवरून घरात काय झालं ते विचारू नका.)

जगभरचे फ्लायवाले जीव टाकतात ते मात्र आपल्या राखी रानकोंबड्यावर. कोयना, आंबोलीच्या जंगलात पहाटे बांग देतो तोच. त्याच्या मानेच्या पिसांवर मेणासारखे चकचकीत पिवळट ठिपके असतात. फ्लायवर बसवले की थेट डोळा!

गेल्या पावसाळ्यात ओळखीतला एकजण म्हणाला, "गावाहून एक मान आणून देऊ का? कोणाला कळणारे?"

मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण नाही म्हटलं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात 'ट्रॉफी'च्या व्याख्येत पीससुद्धा येतं, हे एक. दुसरं म्हणजे पीस गळतं, मान गळत नाही. त्यासाठी कुणीतरी फास लावलेला असतो, आणि मी पैसे मोजले की पुढचा फास माझ्या नावाचा. २००९ मध्ये लंडनमध्ये बासरी शिकणाऱ्या एका अमेरिकन विद्यार्थ्याने फ्लायच्या पिसांपायी ट्रिंगच्या म्युझियममधून २९९ पक्ष्यांची कातडी चोरली होती. छंदच तो, पण कुठवर नेतो बघा!

असो. सध्या मी गावठी कोंबड्याच्या पिसावर पिवळ्या नेलपॉलिशचा ठिपका देतो. हिमाचलात तीर्थन नदीवर एका ट्राउटने तो गिळला. नेलपॉलिश कुठल्या ब्रँडचं, हे फक्त बायकोने विचारलं.