तारांचा ताण

प्लास्टर निघालं, तरी निपाणीहून यमगर्णीकडे सायकल काढायला मन धजत नाही. मागून मोटारीचा आवाज आला की खांदे आपोआप आखडतात. हाड जुळलंय असं एक्स-रे सांगतो. खांद्यांना ते कोण सांगणार?

धडक फारशी आठवत नाही. आठवतात तंबाखूच्या वखारीत कामाला निघालेल्या दोन बायका. 108 येईपर्यंत त्या माझ्याजवळ रस्त्यातच बसून होत्या. एकीनं मान हलवू दिली नाही. 2019च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात अशा मदत करणाऱ्यांना संरक्षण मिळालं. हे त्यांना ठाऊक असेल असं वाटत नाही. त्या बसल्या, एवढंच. त्यांची नावं मला अजून कळलेली नाहीत.

खाटेवर पडून अवतार सैनी आठवायचे. पेंटियम प्रोसेसर घडवणाऱ्यांपैकी एक. फेब्रुवारी 2024 मध्ये नवी मुंबईत, पाम बीच रस्त्यावर, टॅक्सीच्या धडकेनं गेले. सोबत सायकलवरचे मित्र होते. मी का उरलो, या प्रश्नापाशी मन घुटमळतं आणि तिथंच थांबतं.

काल मिस्त्रींनी मागचं चाक स्टँडवर चढवलं. रिम ज्या बाजूला झुकली, तिकडच्या तारा सैल करायच्या, समोरच्या आवळायच्या. अगदी थोड्या, पाव पाव फेरा. मी बराच वेळ बघत राहिलो. चाक सरळ राहतं ते दोन्हीकडच्या ओढीमुळे.

"आऊट निघंल, पण थोडं थरथरणार. नवी रिम घालू?"

नको म्हणालो. का, ते त्यांना नीट सांगता आलं नाही.