प्रत्येक फाइलीच्या माथ्यावर

जुन्या फॉण्टमध्ये टाइप केलेला मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणणारा एक छोटा प्रोग्रॅम मी लिहिला आणि जीएनयूच्या ‘सव्हाना’ या मुक्त सॉफ्टवेअरच्या संकेतस्थळावर ठेवायला पाठवला. गिटहबवर दोन मिनिटांत जागा मिळते. सव्हानावर आधी कुणीतरी स्वयंसेवक प्रकल्पाच्या फाइली उघडून बघतो. माझा अर्ज परत आला. प्रोग्रॅम किती वेगाने चालतो याबद्दल चकार शब्द नव्हता. विचारणा एवढीच होती: या चार फाइलींच्या माथ्यावर परवाना का नाही? आणि चाचणीसाठी ठेवलेला मजकूर कुणाचा?

जीपीएल या परवान्याची पूर्ण प्रत मी फोल्डरमध्ये ठेवली होती. ती सगळ्यांना लागू होईल असं धरून चाललो होतो. पण फाइली फोल्डरमध्ये राहत नाहीत. कुणी त्यातली अक्षरजोड्यांची एकच फाइल उचलून आपल्या कामात घालतं, ती पुढे तिसऱ्याच्या हाती पडते, तेव्हा तिची ओळख सांगायला फक्त तिच्या वरच्या दहा ओळी असतात. परवानाच नसेल तर कायद्याने ती वापरायची मुभाही नसते. नुसतं समोर दिसतंय म्हणून काही ते मोकळं होत नाही. म्हणून प्रत्येक फाइलीत वर्ष, नाव आणि ‘आवृत्ती ३ किंवा त्यानंतरची कोणतीही’. काही मित्र याला जाच म्हणतात; मला ती पुढच्या माणसाची काळजी वाटते.

दुसऱ्या प्रश्नापाशी मात्र मी अडलो. जुन्या फॉण्टांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर. ‘स्थिती’सारख्या शब्दात हमखास गोंधळ होतो. एका दिवाळी अंकातल्या कथेत असे शब्द खच्चून भरलेले होते, म्हणून तीच घेतली होती. लेखकाला जाऊन ६० वर्षं व्हायची होती, म्हणजे कथेवर हक्क त्यांच्या वारसांचा. इतकी वर्षं मी ती बिनदिक्कत वाटत होतो.

कथा काढली. ह. ना. आपटे १९१९ मध्ये गेले, त्यांचं लेखन आता सर्वांचं. त्यांचा उतारा घेतला. त्यात रफार कमी पडले. मग एका रात्री बसून ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ एकाच ओळीत येतील अशी वाक्यं स्वतःच रचली, आणि त्या फाइलीच्या माथ्यावर माझं नाव घातलं.