एक पेडल, दोन कार्बोरेटर

"मराठी विभागासाठी काहीतरी लिही," असं मॅडम म्हणाल्या तेव्हा त्या दुसऱ्याच कोणाला सांगताहेत असं वाटून मी मागे वळून पाहिलं. मी पडले कॉन्व्हेंटची! 'एकोणसत्तर' म्हणजे नक्की किती, हे मला अजून बोटांवर मोजावं लागतं. पण जे सांगायचंय ते मराठीतच घडलं. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाला माफी असावी.

तर मंडळी, माझं घर मुंबईला, आजोबा रत्नागिरीला, आणि मी हॉस्टेलवर. "हॉस्टेलवर राहिल्याशिवाय इंजिनीयर होता येत नाही," हे बाबांचं मत. त्यामुळे मेसच्या आमटीचा कंटाळा आला की शनिवारी आजोबांकडे. त्यांच्या पडवीत 1967 सालची फोक्सवॅगन बीटल उभी असते. जगात अशा दोन कोटी पंधरा लाखांवर गाड्या बनल्या, शेवटची 2003 साली मेक्सिकोत. आमचीही शेवटचीच म्हणायची. आजी गेल्यापासून ती पावसला गेलेली नव्हती. कार्बोरेटर झिजला होता, स्पिंडलमधून हवा खात होता. काका फोनवर म्हणाले, "पावसाळ्याआधी चालू झाली नाही, तर विकून टाकू." आजोबा काही बोलले नाहीत. फक्त त्या संध्याकाळी त्यांनी गाडी दोनदा पुसली.

जर्मनीत शिकणाऱ्या आतेभावाने जुन्या बाजारातून दोन कार्बोरेटरची जोडी पाठवली. बीटलचं इंजिन मागे, हवेवर थंड होणारं. चार सिलिंडर, दोन डावीकडे आणि दोन उजवीकडे आडवे झोपलेले. मूळ कार्बोरेटर एकच, मध्यावर. तिथून पेट्रोल-हवेचं मिश्रण लांब नळ्यांतून दोन्हीकडे जातं आणि थंडीत वाटेतच थेंब धरतं. दोन कार्बोरेटर असले की प्रत्येक बाजूला आपापला, सिलिंडरच्या डोक्यावरच. मग भांडण नाही.

भांडण वेगळंच निघालं. पेडल एक, त्याची केबल एक, ती गाडीच्या पोटातून मागे येते. तिने दोन कार्बोरेटर एकाच वेळी, अगदी सारखे कसे उघडायचे? भावाच्या खोक्यात लिंकेज नव्हतंच!

एमआयडीसीतले आमचे मिस्त्रीचाचा म्हणाले, "बाय, राजदूत 350ला करतो तसं कर. एका केबलच्या दोन केबली." मला ते जुगाड वाटलं. शिवाय इथल्या खाऱ्या वाऱ्यात केबल आतून गंजते आणि अडकते. मी ठरवलं, इंजिनावरून एक आडवी दांडी टाकायची. केबल दांडी फिरवेल, दांडीच्या दोन टोकांचे हात दोन उभ्या सळ्या वर ओढतील आणि दोन्ही थ्रॉटल एकदम उघडतील. थिअरी ऑफ मशिन्समध्ये मला चांगले मार्क होते ना! वर्कशॉपमध्ये ओव्हरटाइम करून दांडी बनवली. उजवीकडचा हात कार्बोरेटरच्या बरोबर वर बसेना, म्हणून दीड इंच आत घेतला. सळी थोडी तिरकी झाली. म्हटलं, चालतंय.

पडवीत इंजिन असं गुळगुळीत चाललं की मी मनातल्या मनात काकांना फोन केला. दुसऱ्या दिवशी आजोबा गाडी चालवत भाट्याच्या पुलापर्यंत गेले. परत येताना मारुती मंदिरापाशी थांबलो, तर पेडलवर पाय नसताना इंजिन ओरडायला लागलं. लोक बघायला लागले. आजोबांनी शांतपणे किल्ली फिरवून बंद केलं. "अगो, तापली असेल," एवढंच बोलले. ऐंशी वर्षांच्या माणसाला मी असली गाडी चालवायला दिली होती, हे लक्षात आल्यावर रात्री झोप लागली नाही.

सोमवारी चाचांनी इंजिन गरम केलं, रबरी नळीचं एक टोक कानाला लावलं आणि दुसरं आलटून-पालटून दोन्ही कार्बोरेटरच्या तोंडाशी धरलं. मग नळी माझ्या कानाला लावली. डावीकडे बारीक 'स्स्स', उजवीकडे चांगलंच मोठं. उजवा जास्त हवा पीत होता. थंड असताना मात्र दोन्ही सारखे!

मग डोक्यात प्रकाश पडला. इंजिन तापलं की रुंद होतं! मीटरभर ॲल्युमिनियम शंभर अंशांनी तापलं तर सव्वादोन मिलिमीटरच्या आसपास वाढतं, पोलाद त्याच्या निम्मं. आमचं इंजिन मीटरभर नाही आणि सगळं ॲल्युमिनियमचंही नाही, पण कार्बोरेटर किंचित बाहेर सरकतातच. सळी उभी असेल तर त्याने काही बिघडत नाही. तिरकी असेल तर ती आणखी तिरकी होते आणि थ्रॉटल ओढून धरते. आयडलला थ्रॉटलची फट असते केसाएवढी, मग तेवढंही पुरतं. केबलचं तसं नसतं. तिचं बाहेरचं कवच कार्बोरेटरबरोबरच सरकतं, त्यामुळे तिला फरक पडत नाही. चाचांचं 'जुगाड' माझ्यापेक्षा हुशार होतं.

मी मुकाट्याने म्हटलं, "चाचा, केबलच लावूया." ते हसले. "दांडी वाईट नाय गो बाय, सळी वाकडी हाय. हाताला बाक दे, सळी सरळ कर. आणि स्प्रिंग दोन लाव, दोन्हीकडं एकेक. सळी निसटली तरी ज्याचं त्यानं बंद झालं पायजे."

ही दुसरी स्प्रिंग माझ्या ड्रॉइंगमध्ये नव्हती.

मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी आम्ही पावसला गेलो. चाचांनाही बोलावलं होतं, पण ते म्हणाले, "तुमचा घरचा कार्यक्रम हाय." मठापाशी आजोबांनी गाडी लगेच बंद केली नाही. तापलेलं इंजिन संथ चालत होतं, आणि आम्ही दोघं काही न बोलता ऐकत बसलो. मग किल्ली फिरवून आजोबा म्हणाले, "तुझी आजी दार जोरात आपटायची. तू नको आपटूस."

गाडी अजून पडवीतच आहे. आणि माझ्या डब्यात आता एक रबरी नळीही असते. रूममेट विचारते, ही कशाला? मी म्हणते, ऐकायला.