मूळचे. टाकू नये.

मोटारीतले मला फारसे काही कळत नाही. ड्रायव्हिंगचे लायसन्स मी चाळीस वर्षे खिशात बाळगले. पण बॉनेट उघडून आत वाकलेल्या माणसाकडे मी नेहमी गाभाऱ्यात शिरलेल्या पुजाऱ्याकडे पाहावे तसाच पाहत आलो. आत काय चालले आहे ते त्याला ठाऊक. आपण बाहेर हात जोडून उभे राहावे. असे असूनही गेल्या उन्हाळ्यात एका मोटारीवरून मी पुतण्याशी हट्टाने भांडलो, आणि वाईट असे की ते भांडण मी जिंकलो.

आमचे दादा १९६८ साली इंजिनियरिंगच्या पुढच्या शिक्षणासाठी मिशिगनला गेले आणि तिकडचेच झाले. १९७४ साली त्यांनी एक जुनी मोटार घेतली व तिचा फोटो घरी धाडला. पॉन्टियाक जीटीओ, १९६६ चे मॉडेल. निळी, लांबरुंद, पुढचे दिवे दोन्ही बाजूंना एकावर एक रचलेले. आईने चष्मा लावून फोटो निरखला आणि एवढेच विचारले, "एवढ्या मोठ्या गाडीत हा एकटाच बसतो?"

अशा गाड्यांना तिकडे 'मसल कार' म्हणतात. आपण पैलवान गाडी म्हणू. तिची पाककृती सोपी आहे. मध्यम बांध्याची घरगुती मोटार घ्यावी आणि तिच्या पोटात थोरल्या मोटारीचे एंजिन बसवावे. पॉन्टियाकच्या इंजिनियरांनी १९६४ च्या मॉडेलात हे केले ते नियमाला बगल देऊन. मध्यम गाडीत ३३० घन इंचांहून मोठे एंजिन घालायचे नाही, असा जनरल मोटर्सचा दंडक होता. या मंडळींनी ३८९ घन इंचांचे एंजिन 'गिऱ्हाइकाने मागितल्यास जादा' या सदरात नेऊन बसवले! नाव मात्र खुशाल फेरारीच्या एका गाडीवरून उचलले. पहिल्याच वर्षी बत्तीस हजारांवर गाड्या खपल्या. १९६६ साली शहाण्णव हजारांवर. ३८९ घन इंच म्हणजे सुमारे ६.४ लिटर. आपल्या फियाट अकराशेचे एंजिन १.१ लिटरचे असे. म्हणजे सहा फियाटी एका बॉनेटखाली जुंपल्या, असे समजावे.

डेट्रॉइटपासून पॉन्टियाक गावापर्यंत वुडवर्ड अॅव्हेन्यू नावाचा सरळ, रुंद रस्ता जातो. त्या काळची तरुण मंडळी रात्री या रस्त्यावर एका सिग्नलपासून दुसऱ्या सिग्नलपर्यंत शर्यती लावीत. पण हा तमाशा फार दिवस टिकला नाही. विम्याचे हप्ते चढले, १९७० साली हवा स्वच्छ राखण्याचा कडक कायदा आला, आणि १९७३ साली तेल आटले. कालचे पैलवान आज घरात खायला महाग झाले. लोक ते मिळेल त्या किमतीला विकू लागले, आणि म्हणूनच आमच्या दादांसारख्या पगारदार माणसाच्या दारात एक येऊन उभा राहिला.

दादा गेले तेव्हा गाडी ताडपत्रीखाली होती. मिशिगनात हिवाळ्यात बर्फ वितळावे म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात, आणि ते मीठ लोखंड खाते. पुतण्याने ताडपत्री काढली तेव्हा डिकीच्या तळाला भोके होती, आणि पायाखालचा पत्रा हाताने मोडत होता. त्याने नवे पत्रे जोडले, एंजिन उतरवून पुन्हा बांधले. तीन हिवाळे त्याने गॅरेजात काढले. मी मे महिन्यात त्याच्याकडे गेलो तेव्हा ब्रेकचे काम तेवढे उरले होते.

"काका, ब्रेक बदलायचा विचार आहे," तो म्हणाला. मग त्याने मला समजेल अशा बेताने सांगितले. या गाडीच्या मास्टर सिलिंडरला कप्पा एकच. त्यातूनच चारही चाकांना तेलाचा दाब जातो. कुठे एका जागी गळती झाली की चारही चाके मोकळी. १९६७ च्या मॉडेलांपासून दोन कप्पे आले. पुढचा दगा देईल तर मागचा आहे. आपली गाडी एका वर्षाने चुकली. तेव्हा दोन कप्प्यांचा सिलिंडर, नव्या नळ्या आणि पुढच्या चाकांना ड्रमऐवजी डिस्क ब्रेक, असा त्याचा बेत होता.

जुन्या गाड्यांच्या या छंदिष्टांत दोन पंथ आहेत, हे मला तोवर कळले होते. एका पंथात स्क्रूसुद्धा कारखान्यातून निघाला तसाच हवा. दुसऱ्या पंथात वरून जुने रूप राखून आत सगळे नवे घालतात. दोन्ही पंथांची माणसे एकमेकांकडे आपल्याकडचे सोवळे-ओवळेवाले पाहतात तशी पाहतात. मी त्या क्षणी पहिल्या पंथाची दीक्षा घेतली. "दादांनी ठेवली तशीच ठेव," मी म्हणालो. "आज ब्रेक, उद्या एंजिन. मग त्यात दादांचं राहिलं काय?"

पुतण्या मान खाली घालून म्हणाला, "बरं, काका." आपल्या मुलांना परदेशातही एवढे वळण लावून ठेवल्याचा मला दादांबद्दल अभिमान वाटला. ब्रेकचे काम तसेच राहिले.

जूनमधल्या एका रविवारी त्याने गाडी गॅरेजातून बाहेर काढली. नुसती अंगणात. मागच्या सीटवर त्याची नऊ वर्षांची लेक बसली होती. मी हिरवळीवर उभा राहून हात हलवीत होतो. अंगण रस्त्याकडे उतरते आहे. गाडी मागे सरकू लागली, त्याने ब्रेक दाबला, आणि पेडल फळीपर्यंत गेले. मीठ खाल्लेली एक नळी फुटली होती. गाडी पोरीला घेऊन रस्त्यावर उतरली. पार्किंग ब्रेकची तार वेगळी असते म्हणून निभावले. तो लागला तेव्हा गाडी रस्ता ओलांडून समोरच्या घराच्या कडेला टेकली होती. मिनिटापूर्वीच तिथून एक माल-मोटार गेली होती. पोर खिदळत होती. तिला तो खेळ वाटला. पुतण्या मात्र चक्रावर हात ठेवून बराच वेळ खाली उतरला नाही. मला एका शब्दानेही बोलला नाही. बोलला असता तर मला सोपे गेले असते.

रात्री मीच म्हणालो, "जे बसवायचं ते बसव. मला विचारू नकोस."

पुढच्याच आठवड्यात टपालाने एक कागद आला. पॉन्टियाक हे नाव २०१० साली बंद झाले, पण कारखान्याच्या जुन्या नोंदी शिल्लक आहेत, आणि पैसे भरले की आपल्या गाडीची नक्कल मिळते. आमच्या गाडीच्या नोंदीत तीन कार्ब्युरेटर होते. एंजिनावर मात्र एकच! ज्या रूपासाठी मी भांडलो ते मुळात मूळचे नव्हतेच. पुतण्या चिडला. कुठल्या तरी आधीच्या मालकाने लबाडी केली, असे त्याचे मत पडले.

दोन दिवसांनी तळघरात पाण्याच्या बंबामागे एक खोके सापडले. आत तीन पुडकी, आणि शेजारी गोणपाटात बांधलेली बिडाची जड बैठक. पुडकी मराठी वर्तमानपत्राच्या पानांत गुंडाळलेली होती, १९७५ च्या दिवाळीच्या सुमाराच्या. आई दादांना फराळ धाडायची, तो डबा अशाच कागदांत बांधलेला असे. कागदाला आता चकलीचा वास नव्हता, पेट्रोलचाही नव्हता. नुसता जुनेपणाचा होता. खोक्यावर दादांचे गोल, वळणदार अक्षर होते. पुतण्याला मराठी बोलता येते, वाचताना अडते. "काका, काय लिहिलंय?" त्याने विचारले. मी वाचले: "मूळचे. टाकू नये."

मग उलगडा झाला. या तिकडीत रोजच्या चालीला मधला एकच कार्ब्युरेटर चालतो; पाय जोरात दाबला की कडेचे दोन उघडतात, गाडी उधळते आणि पेट्रोल धो धो वाहते. तिघांना एका सुरात ठेवणे म्हणजे तीन तंबोरे जुळवणे. १९७५ साली पुतण्या जन्मला, घराचे कर्ज होते, पेट्रोल महाग झाले होते. दादांचा स्वतःच्या पायावर विश्वास नसावा. त्यांनी तिन्ही उतरवले, साधा एक बसवला, आणि काढलेले जपून ठेवले.

मी गाडीचे स्मारक करायला निघालो होतो. दादांना ती चालती हवी होती. त्यांनी गरजेपुरता बदल केला, आणि मागून येणाऱ्याला तो उलटवता यावा अशी सोयही करून ठेवली. दोन्ही पंथांच्या पंडितांनी मिळून मला एवढे शिकवले नसते.

जुलैअखेर दोन कप्प्यांचा सिलिंडर, नव्या नळ्या आणि डिस्क ब्रेक बसले. तीन कार्ब्युरेटरही धुऊनपुसून जागेवर गेले. उतरवलेले जुने ड्रम पुतण्याने तेल लावून बांधून ठेवले. दादांचा एकुलता कार्ब्युरेटर त्याच खोक्यात गेला. त्यावर चिठ्ठी हवी म्हणून नातीने माझ्याकडून अक्षरे काढून घेतली आणि वाकड्या ओळीत लिहिले: "आजोबांचे. टाकु नये." ऱ्हस्व-दीर्घ मी सुधारले नाही.

वुडवर्डवर १९९५ पासून दर ऑगस्टमध्ये जुन्या गाड्यांचा मेळा भरतो. आम्ही गेलो. शर्यतींसाठी गाजलेल्या त्या रस्त्यावर हजारो पैलवान बंपरला बंपर लावून पालखीच्या चालीने चालले होते. परतताना एका मोकळ्या रस्त्याला पुतण्या म्हणाला, "काका, घट्ट धरा." कडेचे दोन उघडले. माझी पाठ सीटला चिकटली, आणि आईच्या प्रश्नाचे उत्तर मला पन्नास वर्षांनी मिळाले: या गाडीत एकट्याने बसायचेच नसते.

पुढे सिग्नल लाल झाला. त्याने ब्रेक दाबला. गाडी मुकाट्याने थांबली.