ब्रेक ऑइल आणि माझं एक वाक्य

गेल्या वर्षी अनंत चतुर्दशीच्या दोन दिवस आधीची गोष्ट. दिल्लीत मावशीकडची आरती आटोपून आई, बाबा आणि मी नोएडाला परत येत होतो. यमुना धोक्याच्या पातळीच्या वर वाहत होती, त्यामुळे डीएनडीवर सगळेच जण गाडी हळू करून पाणी बघत होते. पूल उतरताना समोरच्या गाडीचे लाल दिवे लागले. बाबांनी ब्रेक दाबला आणि त्यांचा पाय नेहमीपेक्षा खूपच खाली गेला. गाडी थांबली, पण पुढच्या बंपरपासून जेमतेम हातभर अंतरावर. आईच्या मांडीवरचा मोदकांचा डबा डॅशबोर्डवर आपटला. डॅशबोर्डवर लाल दिवा लागला होता.

गाडी कडेला घेतली आणि क्रेन बोलावून घरी आणली. बेसमेंटमध्ये मोबाइलच्या उजेडात मी खाली वाकून पाहिलं. उजव्या मागच्या चाकाच्या पुढे, गाडीच्या पोटाखालून जाणाऱ्या बारीक नळीवर तपकिरी खपल्या होत्या आणि एका ठिकाणाहून थेंब थेंब गळत होतं.

"ऑइल मी परवाच भरलं होतं," बाबा म्हणाले.

"परवा? आणि त्याआधी?"

"त्याआधी दोन महिन्यांपूर्वी. तूच तर लिहिलं होतंस."

इथे मला माझ्याबद्दल थोडं सांगावं लागेल. मी कंटेंट रायटर आहे. इंग्रजी घेऊन बीए केलं आणि तेव्हापासून केसगळतीपासून गृहकर्जापर्यंत मिळेल त्या विषयावर लिहिते. मे महिन्यात 'पावसाळ्याआधी गाडीची काळजी' असा एक लेख लिहिला होता. पाच लेख वाचून सहावा तयार केला, दोन तासांत. त्यात एक ओळ होती: 'ब्रेक ऑइलची पातळी कमी दिसल्यास लगेच भरून घ्या.' बाबांनी तो लेख अभिमानाने फॅमिली ग्रुपवर टाकला होता. आणि मुलीने लिहिलंय म्हणून त्याप्रमाणे वागलेही होते.

गाडीचं ब्रेक ऑइल इंजिन ऑइलसारखं खर्च होत नाही. ब्रेक पॅड झिजतात तशी पातळी अगदी हळूहळू थोडी उतरते, तेवढंच. दोन महिन्यांत पुन्हा भरावं लागत असेल, तर ते कुठेतरी गळत असतं. हे मला त्या रात्री एक वाजता कळलं, लेख छापून आल्यावर चार महिन्यांनी.

आमची गाडी २०१२ची, छोटी पेट्रोल हॅचबॅक. हरियाणातल्या कारखान्यात तयार झालेली, पण तिचं अर्ध्याहून जास्त आयुष्य रत्नागिरीत गेलं. भाट्याच्या समुद्रापासून आमचं घर इतकं जवळ की खिडक्यांच्या कड्यासुद्धा दरवर्षी घासून रंगवाव्या लागत. वाळत घातलेल्या कपड्यांना जो खारा वारा लागे, तोच गाडीच्या पोटालाही लागत होता. बाबा निवृत्त झाले आणि २०२३मध्ये आईबाबांना मी इकडे आणलं, तेव्हा गाडीही आली. आई म्हणते, गाडी माहेरी आली. पण येताना समुद्राचं मीठ घेऊन आली, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. गंज सर्वांत जास्त कुठे होता माहीत आहे? नळी जिथे प्लॅस्टिकच्या क्लिपने गाडीला अडकवलेली असते, बरोबर तिथे. क्लिपखाली ओल आणि माती अडकून राहते आणि वरून काही दिसत नाही.

दिल्ली एनसीआरमध्ये पेट्रोल गाडीला १५ वर्षं आणि डिझेलला १० वर्षं, हे गणित इथल्या प्रत्येक घराला पाठ आहे. सुप्रीम कोर्टाचा २०१८चा आदेश, मग १ जुलै २०२५पासून दिल्लीत जुन्या गाड्यांना पेट्रोल बंद, काही दिवसांत ते मागे, ऑगस्टमध्ये पुन्हा कोर्टाचा दिलासा. आमच्या घरी रोज जेवताना हीच चर्चा. बाबांनी गळतीबद्दल काही न बोलण्याचं कारणही तेच होतं. २०२७मध्ये जी गाडी कदाचित भंगारात द्यावी लागेल, तिच्यावर खर्च काढला तर मी 'विकून टाका' म्हणेन, ही त्यांना भीती. मी म्हटलंही असतं. पण एक गोष्ट मला आजही खटकते. गाडीच्या धुराचं पीयूसी ठरावीक काळाने करावंच लागतं, मात्र खासगी गाडीची फिटनेस तपासणी थेट १५ वर्षांनी नोंदणी वाढवताना होते. तोपर्यंत तिच्याखाली वाकून बघायचं की नाही, हे ज्याचं त्याने ठरवायचं.

दुसऱ्या दिवशी जवळच्या एका गॅरेजमधला माणूस येऊन बघून गेला. म्हणाला, "इतना सा टुकड़ा काटके रबर की पाइप डाल देंगे, क्लॅम्प मार देंगे. दो साल आराम से चलेगी." बाबा जवळजवळ तयार झाले होते. मी नाही म्हटलं. टायरमध्ये ३०-३५ पीएसआय हवा असते. जोरात ब्रेक दाबला की या नळीत १००० पीएसआयहून जास्त दाब तयार होतो. शाळेत पास्कलचा नियम आपण घोकतो ना, तो हाच. पायाच्या जोराने तयार झालेला दाब द्रवातून जसाच्या तसा चाकापर्यंत पोहोचतो. क्लॅम्प लावलेली साधी रबरी नळी तिथे किती टिकणार? आम्ही वाचलो ते एवढ्याचसाठी की ब्रेकचे दोन वेगळे मार्ग असतात. आमच्या गाडीत एक मार्ग पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक सांभाळतो, दुसरा उरलेली दोन. एक गळला तरी अर्धा ब्रेक शिल्लक राहतो.

"आपणच करू या," बाबा म्हणाले. बाबांनी नोकरीभर कारखान्यात पाइपच जोडले होते, फक्त ते मनगटाएवढे जाड होते. मी घाबरले होते, हे कबूल करते. शेवटी ठरलं की काम आपण करायचं, पण जाणत्या मेकॅनिकने तपासल्याशिवाय गाडी गेटबाहेर काढायची नाही.

सामानासाठी आम्ही मेट्रोने कश्मीरी गेटला गेलो. मोटारींच्या सुट्या भागांचा तो बाजार ज्याने पाहिला नाही, त्याला सांगून कळणार नाही. एका दुकानात फक्त आरसे, दुसऱ्यात फक्त हॉर्न. चौथ्या दुकानातल्या वयस्कर सरदारजींनी आमचा गंजलेला तुकडा हातात घेतला आणि न मोजता सांगितलं, "पौने पाँच एमएम." त्यांनी स्टीलऐवजी तांबं-निकेलच्या मिश्रधातूची नळी सुचवली. ती गंजत नाही आणि हातानेही वळते. व्होल्वो कंपनीने १९७०च्या दशकातच ती आपल्या गाड्यांत वापरायला सुरुवात केली होती. साधी तांब्याची नळी मात्र घेऊ नका, कंपनाने ती कडक होऊन तडकते, हेही त्यांनीच बजावलं. परत येताना मेट्रोच्या तपासणीत जवानाने नळीचं वेटोळं उचलून विचारलं, "ये क्या है मॅडम?" मी म्हटलं, "ब्रेक." तो हसला आणि जाऊ दिलं.

रविवारी सकाळी सपाट जागी गाडी जॅकवर घेतली, खाली लोखंडी स्टँड लावले, पुढच्या चाकांना विटा लावल्या. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली शिरू द्यायला आईने साफ नकार दिला होता आणि तिचंच बरोबर होतं. सोसायटीचे एक अंकल दोनदा विचारून गेले की तेल सांडणार तर नाही ना. त्यांची काळजी अगदीच खोटी नव्हती, ब्रेक ऑइल रंगावर पडलं तर रंग सोलून काढतं.

जुने नट गंजून बसलेले. आदल्या रात्रीपासून त्यांवर स्प्रे मारला होता, तरी एक नट पान्याखाली गोल झालाच. मग नळीच कापून नट बॉक्स पान्याने काढला. जुनी नळी आम्ही मोडली नाही, ती जमिनीवर ठेवून नवी तशीच वळवत गेलो.

खरा कस लागतो तो नळीचं तोंड फुलवताना. नळीचं टोक पकडीत धरून, स्क्रू फिरवत, दुहेरी घडीची छोटी कॉलर तयार करायची. ही कॉलरच नटाखाली दाबली जाते आणि गळती थांबवते. पहिली वाकडी झाली. दुसरीला चीर गेली. तिसरी इतकी सुंदर झाली की मी फोटो काढला. फोटो काढताना लक्षात आलं की नट माझ्या दुसऱ्या हातातच आहे. नट आधी नळीत ओवायचा असतो! बाबा जमिनीवर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. ते तोंड कापून टाकलं. फोटो अजून आहे.

ब्रेकमधली हवा काढायला दोन माणसं लागतात, आणि बाबा चाकापाशी, मी बाटली आणि ऑइल घेऊन, म्हणून पेडलवर आई. तिने आयुष्यात गाडी चालवलेली नाही.

"दाब… धरून ठेव… अगं, सोडू नकोस!… हं, आता सोड."

कंपनीच्या पुस्तिकेतल्या क्रमाने चारही चाकं झाली. पारदर्शक नळीतून बुडबुडे येत होते, मग कमी झाले, मग बंद. जुनं ऑइल चहासारखं काळपट होतं. हे ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. नव्या डॉट-३चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असतो, ओल शोषलेल्याचा १४० अंशांपर्यंत उतरू शकतो. म्हणून ते फक्त भरायचं नसतं, ठरावीक काळाने बदलायचं असतं. माझ्या लेखात तेही नव्हतं.

"आता दगडासारखं लागतंय गं," आई वरून म्हणाली. तिला एक मिनिट पेडल दाबून ठेवायला सांगितलं आणि आम्ही प्रत्येक जोडाला टिश्यू पेपर लावून पाहिला. सगळे कोरडे.

संध्याकाळी एक जुने मेकॅनिक घरी आले. त्यांनी प्रत्येक जोड बोटाने चाचपला, मान हलवली, आणि मग मधेच थांबले. एका जागी क्लिप नव्हती. नळी तिथे लोंबत होती. कंपनाने पत्र्याला घासून वर्ष-दोन वर्षांत तिथेच भोक पडलं असतं, ते म्हणाले. ती क्लिप माझ्या जीन्सच्या खिशात होती. जास्तीची उरली, असं समजून मी ठेवून दिली होती. बाबांनी ती माझ्याकडून घेतली आणि काहीही न बोलता पुन्हा गाडीखाली गेले.

सोमवारी ऑफिसमध्ये ती ओळ बदलायची विनंती केली. 'जुन्या लेखाला कशाला हात लावायचा' इथपासून सुरुवात झाली आणि मंजुरीला चार दिवस लागले. आता तिथे लिहिलंय: 'ब्रेक ऑइल कमी झालं असेल किंवा पेडल मऊ लागत असेल, तर नुसतं भरून गाडी चालवू नका. आधी गळती आहे का ते तपासून घ्या.'

बदललेला लेख बाबांनी ग्रुपवर टाकला नाही. मात्र दर रविवारी सकाळी माझ्या फोनवर ब्रेक ऑइलच्या डबीचा एक फोटो येतो, पातळीच्या रेघेवर त्यांचं बोट ठेवलेला.